सुई तिच्याच हातात राहू दे

इन्सुलिनची कुपी हातात घेतली की तिच्यावरचा आकडा आधी वाचायचा. आपल्याकडे दोन प्रकारच्या कुप्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही दोन, ४० वालीचं टोपण लाल आणि १०० वालीचं नारिंगी. १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली आणि दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर रुग्णाच्या अंगात दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. साखर झपाट्याने उतरते, दरदरून घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि वेळेत ध्यानात आलं नाही तर बेशुद्ध पडतो. वॉर्डात पुरवठ्यातून एक प्रकार आलेला असतो, नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून दुसरा आणून देतात, आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये येऊन बसतात.

ही गोष्ट नव्या मुलीला शिकवायच्या तीन तऱ्हा मी पाहिल्या. एक सीनियर म्हणते, "इन्सुलिन नीट बघून दे गं." मुलगी मान डोलावते. नेमकं काय बघायचं ते तिला कळलेलं नसतं आणि विचारायची हिंमत होत नाही. दुसरी म्हणते, "राहू दे, मीच देते," आणि देऊन मोकळी होते. त्या दिवशी रुग्णाचं भलं होतं, मुलीच्या पदरात काही पडत नाही. तिसरी जरा सवड काढते. रिकाम्या कुप्यांत पाणी भरते, त्या आणि दोन्ही सिरिंज मुलीपुढे मांडते आणि विचारते, "दहा युनिट द्यायचंय. कुठली सिरिंज घेशील? का?" मुलीने चुकीची उचलली तरी ती टोकत नाही. "ओढ बरं. आता कागदावर मांड, किती आलं?" मुलगी मांडते. पंचवीसचा आकडा तिच्या स्वतःच्या अक्षरात तिच्यासमोर उभा राहतो. त्यानंतर ती कुठेही गेली तरी कुपीवरचा आकडा वाचल्याशिवाय सिरिंजला हात लावत नाही.

माझी उभी नोकरी सरकारी रुग्णालयांत गेली. कागदोपत्री आधी अधिपरिचारिका, पुढे परिसेविका. वॉर्डाच्या भाषेत आधी स्टाफ, मग इन्चार्ज सिस्टर. माझा भाचा पुण्याला आयटी कंपनीत आहे. तिथे नव्या माणसाला मेंटॉर नेमून देतात आणि यंदा त्यालाच मेंटॉर केलंय. त्याने मला विचारलं, "मावशी, तू इतक्या मुली तयार केल्यास. मेंटॉर चांगला कशाने होतो?" त्याला कंपनीकडून मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की मेंटॉर अनुभवी असावा, संयमी असावा, ऐकून घेणारा असावा. खरंच आहे ते. पण असे गुण अंगी असूनही ज्यांच्या हाताखाली कुणी तयार झालं नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. माझ्या लेखी कसोटी एकच आहे. चांगली मेंटॉर स्वतःच्या डोक्यात चाललेला विचार तोंडाने बोलून दाखवते, आणि नवशिकीच्या डोक्यात काय चाललंय ते तिच्या तोंडून वदवून घेते. वॉर्ड असो, कारखाना असो की बँक, मला वाटतं बाकीचं सगळं याच्या मागून येतं.

हे मी शिकले आमच्या एका इन्चार्ज बाईंकडून. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात त्यांचं शिक्षण झालेलं. आवाज हळू, चाल भरभर. मी त्यांच्या सर्जिकल वॉर्डात रुजू झाले तेव्हा सकाळी ड्युटी बदलताना, ओव्हरच्या वेळी त्या दारातून आत आल्या आणि टेबलाकडे न जाता थेट चौदा नंबरच्या खाटेकडे गेल्या. आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस. चार्टवर बीपी ठीक होतं, ताप नव्हता, श्वास मिनिटाला २० लिहिलेला होता. बाईंनी त्याची नाडी धरली, घड्याळ लावून श्वास मोजला, पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलाव आधी." पोटात आत रक्तस्राव सुरू झाला होता. त्याला परत ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं आणि तो वाचला.

इथवरची गोष्ट कुठल्याही हुशार सिस्टरची असू शकते. पुढे जे झालं त्यात मला बाई सापडल्या. थिएटरकडे ट्रॉली रवाना झाल्यावर त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "मी दारातून काय पाहिलं ते सांगते. तो हाताने चादर ओढत होता, सोडत होता. रात्रभर झोप न झालेला माणूस पडून राहतो, असा चुळबुळत नाही. मघाशी वॉर्डबॉय मामाकडे दोनदा पाणी मागितलं त्याने. ओठ पांढरट. रक्त जायला लागलं की शरीर आधी नाडी वाढवून बीपी सांभाळतं, म्हणून नुसत्या बीपीवर विसंबायचं नाही. आणि चार्टवरचा श्वास २०. वॉर्डातल्या सगळ्यांचाच श्वास २० लिहिलाय बघ. सगळ्यांचा एकसारखा असतो का? श्वास न मोजता लिहिलेला आहे. तू उद्यापासून मोजून लिही." हे सांगायला दोन-चार मिनिटं लागली असतील. त्यांनी ते सांगितलं नसतं, तर बाईंना देवाने वेगळी नजर दिली आहे असं मी समजले असते आणि तशीच पुढे गेले असते.

त्याच रुग्णालयात आणखी एक सीनियर होत्या. शीर शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाजलेला रुग्ण असो, अंगावर सूज आलेली बाई असो, की महिनाभर सलाईन घेऊन सगळ्या शिरा संपलेला म्हातारा असो, बाकीच्यांनी हात टेकले की त्यांना बोलावणं जायचं. त्या यायच्या, चाचपायच्या, सुई आत. आम्ही विचारायचो, "सिस्टर, कसं काय जमतं हो?" त्या मनापासून सांगायच्या, "हाताला कळतं गं." त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. त्यांच्या हाताला खरोखरच कळत होतं. पण तेवढ्यावर आमच्या हाताला काय कळणार?

या दोघींमधला फरक मला पुढे एका पुस्तकाने उलगडून सांगितला. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेने १९८४ साली नवखेपणाकडून नैपुण्याकडे जाणाऱ्या प्रवासावर एक पुस्तक लिहिलं, आणि नर्सिंगच्या शिक्षणात त्याचा आजही आधार घेतात. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या स्टुअर्ट आणि ह्युबर्ट ड्रायफस या भावांनी वैमानिक आणि बुद्धिबळपटू कसे तयार होतात याचा अभ्यास करून पाच पायऱ्या मांडल्या होत्या. बेनर यांनी परिचारिकांशी बोलून, त्यांचे प्रसंग लिहून घेऊन त्या पायऱ्या वॉर्डात तपासल्या. नवखी मुलगी नियम धरून चालते, कारण तिच्यापाशी दुसरं काही नसतं. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेली की ती आपली आपण आखणी करू लागते, आधी काय, मग काय हे ठरवू लागते. पार पुढे गेलेली परिचारिका नियम आठवत बसत नाही. तिला प्रसंग एका नजरेत अख्खा दिसतो.

गोम तिथेच आहे. नजरेत अख्खं दिसायला लागलं की त्याचे तुकडे आपल्यालाच दिसेनासे होतात. सगळ्यात हुशार माणूस सगळ्यात चांगला मेंटॉर असेलच असं नाही, याचं कारण हे. पुष्कळ ठिकाणी नव्या माणसाला सगळ्यात ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती सोपवतात. मी इन्चार्ज झाल्यावर तसं करणं सोडलं. नवी मुलगी आली की तिची गाठ मी दोन-तीन वर्षं झालेल्या एखाद्या स्टाफशी घालून द्यायचे. तिला स्वतःला काय अडलं होतं ते ताजं आठवत असतं. सलाईनचे थेंब मोजताना डोकं कुठे गोंधळतं, पाचशे मिली आठ तासांत द्यायचं तर वीस थेंबांच्या सेटने मिनिटाला साधारण एकवीस थेंब का पडायला हवेत, हे ती त्या मुलीच्या भाषेत सांगू शकते. मुरलेल्या सिस्टरांची गरज पुढे लागते, चौदा नंबरसारख्या प्रसंगांत, आणि तिथेही त्यांनी मुद्दाम सावकाश, तुकडे पाडून बोलायची सवय लावून घ्यावी लागते. बाईंनी ती लावून घेतली होती. शीर कशी शोधायची ते त्या असं सांगायच्या:

"डोळ्यांनी शोधू नको, बोटाने शोध. आधी हात खाटेखाली लोंबता सोड, रक्त भरू दे. शीर दाबली की परत उसळते. तशीच लांबट लागते पण उसळत नाही ती शीर नाही, स्नायूची दोरी आहे, तिच्या वाटेला जाऊ नको. दुसऱ्या हाताने कातडी खाली ताणून धर, नाहीतर शीर पळते. सुई बेताने तिरकी घाल. मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की लगेच नळी पुढे ढकलायची घाई नको. सुई आडवी कर, अजून एक तांदळाएवढी आत घे, मगच नळी सरकव. म्हाताऱ्या माणसाला टर्निकेट सैल बांध. त्यांच्या शिरा पातळ, दाबाने फुटतात."

"हाताला कळतं" या दोन शब्दांच्या पोटात एवढं सगळं असतं.

आता सुईविषयी. नवी मुलगी सुई लावताना बाई खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहायच्या. मुलीच्या खांद्याशी नाही, समोर. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. रुग्णाला आधीच सांगून ठेवायच्या, "आजोबा, ही आमची सिस्टर. मी इथेच आहे." पहिल्यांदा सुई चुकली, तरी हात पाठीमागेच. "काय वाटलं? कुठे अडलं?" एवढंच. दुसऱ्यांदाही नाही जमलं की मग मात्र रुग्णाच्या अंगावर तिसरा प्रयत्न त्या होऊ द्यायच्या नाहीत. स्वतः सुई घ्यायच्या आणि घेतानाही बोलत राहायच्या, म्हणजे मुलीला आपल्याला बाजूला सारलं असं वाटायचं नाही. दुसऱ्या दिवशी सुई पुन्हा तिच्याच हातात.

हे लिहायला सोपं आहे. उभं राहायला फार कठीण. आपल्याला अर्ध्या मिनिटात जमणारं काम दुसरी पाच मिनिटं घाबरत घाबरत करते आहे, मागे आणखी चाळीस रुग्ण आहेत, नातेवाईक रोखून बघताहेत. अशा वेळी हात आपोआप पुढे जातो. तो पुढे गेला की काम होतं आणि शिकणं तिथेच थांबतं. आणि हात कायम मागेच राहिला, तर रुग्णाचे हाल होतात. दोहोंच्या मध्ये कुठे थांबायचं ते मेंटॉरला आधीच ठरवून ठेवावं लागतं, ऐन वेळी सुचत नाही.

बाईंची वाटणी पक्की होती. चूक झाली तर निस्तरता येईल अशी कामं आधी. खाट घालणं, ताप-नाडी-श्वास मोजणं, ड्रेसिंगची ट्रॉली लावणं. मग तोंडावाटे औषधं, मग स्नायूत इंजेक्शन, मग शिरेतून. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल मात्र त्या स्वतःच्या नजरेखाली वेगळ्या ठेवायच्या. ते औषध पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. ते सलाईनच्या बाटलीत मिसळून, हळूहळूच द्यायचं असतं. तिथे "ओढ बरं, किती आलं?" असला प्रयोग रुग्णाच्या खाटेपाशी करायचा नाही. तिथे दोघींनी मिळून वाचायचं, दोघींनी मिळून मिसळायचं.

हा क्रम फक्त रुग्णालयाचा नाही. जीन लेव्ह नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांत बसून तिथली शिकाऊ मुलं पाहिली. एतिएन वेंगर यांच्याबरोबर १९९१ साली लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं आहे. कपडा तयार होतो तो कापण्यापासून, मग शिवण, मग काजं-बटणं, इस्त्री. पण शिकाऊ मुलगा सुरुवात उलट्या टोकाने करतो. आधी इस्त्री आणि बटणं, मग शिवण, आणि कापणं सगळ्यात शेवटी. बटण चुकलं तर उसवून पुन्हा लावता येतं, कापड चुकीचं कापलं की गेलं. शिवाय बटणं लावता लावता अख्खा कपडा त्याच्या हातांखालून जातो, कुठला भाग कुठे जोडलाय ते त्याला आयतं कळत जातं. हे वाचताना मला आमच्या वॉर्डाची आठवण होत होती. खाट घालता घालता आणि श्वास मोजता मोजता मुलगी रुग्ण बघायला शिकते, ते याच चालीने.

यानंतर ओरडण्याबद्दल बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे शिकवणं आणि ओरडणं यांची फार जुनी सांगड आहे. "आम्हीही बोलणी खाऊनच शिकलो" हे मी ज्येष्ठांच्या तोंडून सतत ऐकलं आहे. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

एकदा नाईट ड्युटीवरची मुलगी पहाटे बाईंच्या क्वार्टरवर आली. आठ नंबरचं अँटिबायोटिक तिने नऊ नंबरला दिलं होतं. दोन्ही खाटांवर एकाच नावाची माणसं, आडनावंही जवळपास सारखी. ती थरथरत होती. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पेशंट कसा आहे?" त्याला त्रास झाला नव्हता. दुसरा, "डॉक्टरांना सांगितलंस?" सांगितलं होतं. मग म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांग, काही वगळू नको." सकाळी ते केसपेपरवर लिहिलं गेलं, त्या दोन रुग्णांच्या खाटा लांब हलवल्या, केसपेपरवर लाल पेनने खूण आली, आणि औषध देण्याआधी "तुमचं नाव काय?" असं रुग्णालाच विचारायचं, आपण नाव घेऊन "हो ना?" म्हणायचं नाही, असा नियम झाला. गुंगीत असलेला रुग्ण कुठल्याही नावाला हो म्हणतो. त्या मुलीला बाई जे काही बोलल्या असतील ते दार लावून बोलल्या. रुग्णासमोर, मामा-मावशींसमोर एक शब्द नाही.

दुसऱ्या एका रुग्णालयात मी अशा इन्चार्जच्या हाताखाली काम केलं आहे की मुलगी चुकली की भर वॉर्डात तिचा उद्धार व्हायचा. त्या वॉर्डाच्या नोंदवहीत चुका नव्हत्या. पानं कोरी. त्या पानांचा मला विश्वास वाटत नसे. पुढे हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाविषयी वाचलं तेव्हा कारण कळलं. रुग्णालयांतल्या वेगवेगळ्या परिचारिका-गटांमध्ये औषधांच्या चुका किती होतात हे त्या पाहत होत्या. ज्या गटात एकी आहे, प्रमुख चांगली आहे, तिथे चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर दिसलं की त्या गटांत चूक उघडपणे सांगायची सोय होती, इतर ठिकाणी ती झाकली जात होती. १९९६ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि १९९९ मध्ये त्यांनी त्यावरून पुढे कामाच्या जागी मनाला वाटणाऱ्या सुरक्षिततेची कल्पना मांडली. ती आता जगभर कंपन्यांत शिकवतात. माझ्या भाच्याच्या पुस्तिकेतही ती होती. मी त्याला म्हटलं, एवढं एक पान नीट वाच. नवा मुलगा स्वतः येऊन "माझं चुकलं" म्हणाला, तर त्या क्षणी तुझ्या चेहऱ्यावर काय उमटतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. तो पुन्हा येईल की नाही, ते तिथेच ठरून जातं.

म्हणूनच मला असं ठाम वाटतं की, बाईंसारखा अपवाद सोडला तर, जो गोपनीय अहवाल लिहितो त्याने मेंटॉर होऊ नये. माझ्या शेऱ्यावर जिची बढती अवलंबून आहे, ती मला आपलं अज्ञान का दाखवेल? मी कितीही मायेने विचारलं तरी ती मान डोलावणार. नव्या मुली दोन-तीन वर्षं झालेल्या स्टाफकडे देण्यामागे माझं हेही एक कारण होतं. इन्चार्ज म्हणून माझं काम वेगळं. त्या दोघींची ड्युटी पहिले काही आठवडे एकत्र लागेल असं बघणं, नव्या मुलीला एकटीला नाईट न देणं, आणि शिकवणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्या दिवसांत चार रुग्ण कमी ठेवणं. शिकवायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणीतरी द्यावा लागतो. आमच्याकडे कित्येकदा अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या मुलीला आठवडा उलटायच्या आत एकटीने रात्र काढावी लागायची, आणि वरून म्हणायचं की नव्या मुलींना येत नाही काही. या गोष्टीचा मला आजही राग येतो. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा सुरू झाली, तेव्हापासून परिचारिकेचं प्रत्यक्ष शिक्षण वॉर्डातल्या सिस्टरांकडेच आहे. मग त्यांच्या कामाच्या तासांत त्याला जागा नको?

रात्रीच्या फोनची गोष्टही सांगायला हवी. पहाटे दोनला रुग्ण बिघडतो. नवी मुलगी डॉक्टरांना फोन करते, "सर, चौदा नंबरला बरं वाटत नाहीये." पलीकडून प्रश्न, "बीपी किती?" ती बघायला पळते. "काय काय चालू आहे?" पुन्हा पळते. तिसऱ्या वेळी डॉक्टर चिडतात आणि पुढच्या रात्री ही मुलगी फोन करायलाच धजावत नाही. यावर एक पद्धत आहे. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली, तिथून कैसर पर्मनन्टे या संस्थेच्या रुग्णालयांत आली आणि पुढे सगळीकडे गेली. आधी सांगायचं आत्ता काय झालंय. मग मागचं, ऑपरेशन कधी, काय चालू आहे. मग मला काय वाटतं. आणि शेवटी मला तुमच्याकडून काय हवं आहे. मी मुलींना फोन लावायच्या आधी हे माझ्यासमोर म्हणून दाखवायला लावायचे. पहिले दोन भाग सगळ्यांना लवकर जमतात. तिसऱ्यापाशी गाडी अडते. "सर, मला वाटतं आत रक्त जातंय" हे वाक्य एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून निघत नाही. घरी, शाळेत, कॉलेजात तिला काय वाटतं असं कुणी विचारलेलं नसतं. मेंटॉरने ते रोज विचारायचं. राउंडच्या आधी, ओव्हरच्या वेळी, ड्रेसिंग करताना. "तुला काय वाटतं? कशावरून?" सुरुवातीला ती आपल्याला आवडेल ते उत्तर शोधते. काही दिवसांनी ती रुग्णाकडे बघून उत्तर द्यायला लागते. हा बदल मी खूप मुलींमध्ये होताना पाहिला आणि नोकरीतलं माझं सगळ्यात मोठं समाधान ते आहे.

मेंटॉरच्या कामात आणखीही काही येतं. कॅथी क्रॅम यांनी १९८५ साली या विषयावर जे पुस्तक लिहिलं त्यात मदतीचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक बढती-संधीची वाट दाखवणारी आणि दुसरी मनाला आधार देणारी. बाई दोन्ही द्यायच्या. पोस्ट बेसिक या पुढच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायला त्यांनी मला लावलं. माझ्या ड्युटीवर पहिला मृत्यू झाला तेव्हा पुढचं सगळं, नातेवाइकांशी कसं बोलायचं इथपासून, त्यांनी माझ्यासोबत केलं आणि मग चहा पाजून तासभर लिनन रूममध्ये बसवून ठेवलं. पण हे दोन्ही जिच्याकडे आहे आणि विचार बोलून दाखवणं नाही, तिला मी प्रेमळ सीनियर म्हणेन, मेंटॉर म्हणणार नाही.

आणि पाहणं. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आपलं काम उभं राहून पाहणारं कुणी भेटत नाही. बॉस्टनचे सर्जन अतुल गावंडे यांनी २०११ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात एक लेख लिहिला. सर्जन होऊन आठ वर्षं झाली होती, नाव झालं होतं, आणि आता आपली सुधारणा थांबली आहे असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आपल्याला पूर्वी शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या रॉबर्ट ऑस्टीन या सर्जनना ऑपरेशन पाहायला बोलावलं. ऑस्टीन काही न बोलता, टिपणं घेत उभे राहिले. ऑपरेशन गावंडे यांच्या मते उत्तम झालं होतं. नंतर ऑस्टीननी सांगितलं की दिव्याचा झोत बराच वेळ जखमेवरून सरकलेला होता. रुग्णाभोवती कापड अशा रीतीने लावलं होतं की गावंडेंना स्वतःला नीट दिसत होतं, पण मदतनिसाला काम करायला अडचण होत होती. कोपर मधूनमधून वर उचललं जात होतं, त्याने हाताची पकड ढळते. तिन्ही गोष्टी करणाऱ्याला दिसणं अवघड होतं, बाजूला उभ्या असलेल्याला सहज दिसल्या. मेंटॉर नव्या माणसालाच लागतो असं समजणाऱ्यांना मी हा लेख मुद्दाम सांगते.

मेंटॉर नेमून मिळाला तर उत्तमच. पण आपल्याकडे बहुतेक जागी तो मिळत नाही, आणि नव्या मुली मला विचारतात की मग आम्ही काय करायचं. "मला शिकवा" असं म्हणू नका. त्यावर समोरचीला काय बोलावं ते सुचत नाही, आणि कामाच्या घाईत ती "बघून बघून येईल" म्हणते. प्रसंग ताजा असताना नेमकं विचारा. "सिस्टर, सकाळी राउंडच्या आधी तुम्ही त्या पेशंटकडे का गेलात?" बहुतेक जणी थांबून सांगतात, कारण हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. "तसंच वाटलं गं" असं उत्तर आलं तर तिथे सोडू नका, पुढे विचारा, "वाटलं तेव्हा आधी काय दिसलं होतं?" आणि वॉर्डातल्या मावशींनाही विचारत जा. कोण रात्री जेवलं नाही, कोण भिंतीकडे तोंड करून पडलंय, कुणाचा नातेवाईक दोन दिवस आला नाही, हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं.